लंगडी शिकवावी लागते

वाचकांचे प्रश्न, क्रीडाशिक्षिकेची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पहिली-दुसरीच्या मुलांना खेळ शिकवायच्या आधी हालचाली शिकवा, पळणं, उडी, लंगडी, तोल, फेकणं, झेलणं, हे सगळं. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, काही निवडलेत. लहान मुलांचा विषय आहे म्हणून नावं काढून टाकलीयेत. मी स्वतः 26 वर्षं शाळेच्या मैदानावर आहे, त्यातली जास्त वर्षं पहिली ते चौथीच्या पोरांसोबत, त्यामुळे जे सांगतेय ते बरंचसं त्यांनीच मला शिकवलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, सीनियर केजीत. शाळेत लंगडी घालायला सांगितली की दोन उड्या मारतो आणि पाय टेकवतो. टीचर म्हणाल्या पायात ताकद नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी पोरांना कुणी शिकवत नव्हतं, आपोआप यायचं. खरंच आपोआप येतं का हे? – एक आई, डोंबिवली

आधी सासूबाईंचं बघू. त्यांनी जे पाहिलंय ते खरंच आहे, पण ते आपोआप नव्हतं. आठवून बघा, चाळीत किंवा वाड्यात आठ-दहा पोरं खेळायची आणि त्यात एखादं तीन-चार वर्षांचं शेंबडं पोर असायचं, त्याला कच्चं लिंबू म्हणून घ्यायचे. ते आउट झालं तरी आउट नाही, त्याच्यावर राज्य नाही, पण ते दिवसभर मोठ्यांच्या मागे मागे पळायचं, त्यांची लंगडी बघायचं, पडायचं, परत करायचं. वर्षभर असं केल्यावर ते पक्कं लिंबू व्हायचं. म्हणजे शिकवणी चालूच होती की, फक्त ती ताईदादांची होती आणि फुकट होती! आता तुमच्या मुलाला ना अंगण आहे ना कच्चं लिंबू करून घेणारी दहा पोरं, मग त्याला ते कुठून येणार? चालणं जवळपास सगळ्या मुलांना येतं, पण लंगडी, झेलणं, नीट फेकणं या गोष्टी बघायला, करायला आणि कुणीतरी दुरुस्त करायला मिळाल्या तरच नीट येतात, नाहीतर अर्धवट राहतात आणि मोठेपणी पण अर्धवटच राहतात.

आता ताकदीचं. साधारण चार वर्षांच्या आसपास मुलं एका पायावर दोन-चार उड्या मारायला लागतात, सहाच्या आसपास बऱ्याच जणांना आठ-दहा सलग जमतात, पण मुलामुलांत फरक खूप असतो. तुमचा दोन मारतोय म्हणजे सुरुवात झालेली आहे, घाबरायचं काही नाही. बहुतेक वेळा ताकद असते, पण तोल नसतो आणि वरचा पाय कुठे ठेवायचा ते माहीत नसतं.

घरी असं करा. अनवाणी, मोजे अजिबात नको, फरशी कोरडी. त्याला भिंतीशेजारी उभं करा, एक बोट भिंतीला लावायचं, फक्त बोट, अख्खा पंजा नाही. एक पाय वर आणि पाच आकडे. वरचा पाय बघा, बहुतेक मुलं तो पुढे ताठ धरतात किंवा हाताने मागे पकडून ठेवतात, आणि तिथेच गाडी अडते. पाय गुडघ्यात वाकवून मागे, हात मोकळे. हे जमलं की जागेवरच एक उडी, मग थांबायचं. एक उडी, थांबायचं. मुलं घाई करतात आणि दुसऱ्या उडीला पुढे कोलमडतात म्हणून हे थांबणं महत्त्वाचं. मग फरशीच्या सांध्यावरून पलीकडे एक उडी, मग दोन फरश्या. उतरताना गुडघा जरा वाकला पाहिजे, धप्पकन आवाज आला तर समजायचं पाय ताठ आहे, त्याला सांगा मांजरीसारखा उतर, आवाज नको. डावा पाय झाला की उजवा, दोन्ही. रोज पाच मिनिटं पुरे आणि कंटाळला की बंद. महिना-दीड महिना करा आणि मला कळवा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेते. प्रशिक्षणात लोकोमोटर, नॉन-लोकोमोटर, मॅनिप्युलेटिव्ह असं सगळं ऐकलं, वहीत उतरवलं, पण पोरांसमोर उभं राहिल्यावर नक्की काय करायचं कळत नाही. साहित्य म्हणाल तर दोन रिंगा आणि एक हवा गेलेला व्हॉलीबॉल. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल. – शिक्षिका, जव्हार

बाई, तुमचं पत्र वाचून मला माझीच पहिली दोन वर्षं आठवली. तेव्हा मी पण पोरांना रांगेत उभं करून दक्ष-आरम आणि एक-दोन-तीन-चार कवायतच घ्यायचे, कारण तेवढंच मला शिकवलेलं होतं.

ते तीन शब्द विसरा, गोष्ट सोपी आहे. पहिला प्रकार जागा सोडून जायच्या हालचाली, म्हणजे चालणं, पळणं, उडी, लंगडी, झेप, घोड्याची दुडकी, बाजूला सरकणं, रांगणं, सरपटणं. दुसरा प्रकार जागेवरच राहून करायच्या, वाकणं, ताणणं, पिळा देणं, गिरकी, झुलणं, ढकलणं, ओढणं आणि तोल. तिसरा प्रकार वस्तू हाताळायच्या, फेकणं, झेलणं, टप्पे मारणं, लाथेने ढकलणं, बॅटने किंवा दांडूने मारणं, घरंगळवणं. बस. मुलाचा कुठलाही खेळ उचलून बघा, या तिन्हींची भेळ असते.

लगोरीच घ्या. सात ठिकऱ्या एकावर एक रचायच्या, त्यात वाकणं आणि हात स्थिर ठेवणं आलं, म्हणजे दुसरा प्रकार. चेंडूने फोडायची, म्हणजे नेम धरून फेकणं, तिसरा. मग पळापळ, अचानक दिशा बदलणं, अंग चोरून चेंडू चुकवणं, पहिला आणि दुसरा एकदम. आणि परत येऊन धापा टाकत असताना तीच ठिकरी न पाडता ठेवायची, हे तर भल्याभल्यांना जमत नाही. एवढा सगळा धडा एका खेळात आहे आणि साहित्य काय तर फुटकी कौलं.

पण एक धोका सांगते. नुसता खेळ सोडून दिला की ज्यांना येतं तीच पोरं खेळतात. ज्याला फेकता येत नाही तो कडेला उभा राहतो, आउट झालेला बसून राहतो, म्हणजे ज्याला सरावाची जास्त गरज त्यालाच सगळ्यात कमी सराव. म्हणून मी पहिली-दुसरीत आउट हा प्रकारच ठेवत नाही. आउट झालास तर कडेला पाच बेडूकउड्या मारून परत आत ये. आणि तासाची पहिली दहा मिनिटं खेळाच्या आधी एकच हालचाल घ्यायची, आज फक्त उडी, आज फक्त फेक. ती हालचाल बदलत ठेवायची, बरं का, खूप गंमत आहे यात. उडी मारा, आता आवाज न करता मारा, आता हळू, आता लांब, आता मागे, आता जोडीदाराचा हात धरून एकत्र, आता हवेत टाळी वाजवून. एकाच उडीचे दहा धडे होतात आणि पोरं कंटाळत नाहीत.

दुडकीबद्दल थोडं, कारण हे बऱ्याच शिक्षकांचं राहून जातं. घोडा-घोडा खेळताना पोरं जशी टबडक-टबडक जातात, एक पाय कायम पुढे आणि मागचा येऊन त्याला टेकतो, ती दुडकी. चार वर्षांच्या मुलाला साधारण जमते. नेहमी उजवाच पाय पुढे ठेवतात, डावा पुढे ठेवून करायला सांगा, मग बघा कशी गडबड होते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पाऊल टाकायचं, त्याच पायावर छोटी उडी, मग दुसरं पाऊल, त्याच्यावर उडी, आनंदात आलेली पोरं बागडत जातात ना तसं. हे पाच-सहाच्या आसपास येतं आणि यात दोन्ही बाजू आळीपाळीने चालवाव्या लागतात म्हणून अवघड असतं. तोंडाने 'पाऊल-उडी, पाऊल-उडी' म्हणत करायला लावा, तालावर लवकर येतं. लेझीम शिकवायच्या आधी हे झालं असेल तर लेझीम अर्ध्या वेळात बसते, हा माझा अनुभव.

आता साहित्य. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि वर्गाच्या गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य असावं असं स्पष्ट लिहिलेलं आहे, तेव्हा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये हा विषय लेखी मांडा, सोडू नका. पण तोपर्यंत पोरं थांबणार नाहीत. घराघरातून जुन्या साड्यांच्या चिंध्या मागवा, घट्ट गुंडाळून सुतळीने बांधलेला चेंडू करा, प्रत्येक मुलाला एक. प्रत्येकाला एक हे फार महत्त्वाचं, चाळीस पोरांत एक चेंडू असेल तर तासाभरात एकेकाच्या हाताला तो दोनदा लागतो. चिंध्यांचा चेंडू फार उसळत नाही, लागला तर दुखत नाही आणि व्हरांड्यात खिडकीची काच फुटत नाही. पावसाळ्यात व्हरांडा आहे ना? खडूने रेषा मारा आणि रेषेवरून टाचेला अंगठा लावत चालायचं, मग डोक्यावर पाटी ठेवून, मग मागे. जागेवरच्या सगळ्या हालचाली पावसाळ्यात उरकायच्या. नाहीतरी हा प्रकार सगळ्यात दुर्लक्षित राहतो, त्यात पळापळ नाही, शिट्टी नाही, बघणाऱ्याला वाटतं बाई नुसत्या उभ्या आहेत. तुमच्या पोरांना पाण्याचे हंडे आणायची, बांधावरून चालायची सवय असेल, तर तोलात ती शहरातल्या पोरांना कुठल्या कुठे मागे टाकतील, ते त्यांना सांगा पण, कौतुक करा.

प्रश्न : मुलगा 7 वर्षांचा. क्रिकेटची आवड आहे म्हणून ॲकॅडमीत घातलाय, आठवड्यातून पाच दिवस, रविवारी मॅच. कोच म्हणतात टॅलेंट आहे, आता बाकी सगळं बंद करून फक्त यावर फोकस करा. आम्हाला लवकर सुरुवात करून द्यायची आहे. बरोबर करतोय ना? खो-खो वगैरे शाळेत असतं, पण त्यात काही स्कोप नाही. – बाबा, पुणे

नाही, बाबा, मला हे बरोबर वाटत नाही आणि मी ते स्पष्ट सांगते, राग मानू नका. आवड आहे ती राहू द्या, क्रिकेट खेळू द्या, पण 'बाकी सगळं बंद' हे सात वर्षांच्या मुलाला लावू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की एकाच खेळात पूर्ण झोकून देणं साधारण 15-16 वर्षांपर्यंत पुढे ढकलावं. लहान वयात रोज तीच तीच हालचाल केली की वाढत्या हाडांवर एकाच ठिकाणी ताण येतो, आणि दुसरं म्हणजे पोरगं बारा-तेराव्या वर्षी कंटाळून खेळच सोडतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आकडा पण लक्षात नाही.

क्रिकेटमध्ये लहान मुलाच्या वाट्याला नक्की काय येतं ते एकदा घड्याळ लावून बघा. नेटमध्ये दहा मिनिटं बॅटिंग, थोडी बॉलिंग आणि बाकीचा वेळ रांगेत नाहीतर फिल्डिंगला उभं. म्हणजे मारणं, फेकणं, झेलणं होतं, पण अंग खाली झुकवून अचानक वळणं, लोळणं, लटकणं, चढणं, दुसऱ्याच्या वजनाशी झुंजणं, हे काहीच नाही. पुढे हाच मुलगा बाउंड्रीवर डाइव्ह मारायला गेला की त्याला पडायचं कसं हेच माहीत नसतं.

खो-खोला स्कोप नाही म्हणालात म्हणून सांगते, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही भारताने जिंकले आणि दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्रातले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. पण मी तुम्हाला त्यासाठी खो-खो सांगत नाहीये. उकिडवं बसलेलं पोर 'खो' ऐकल्याबरोबर कसं उठतं ते जवळून बघा. मागचा पाय जमिनीला रेटतो, अंग पुढे झुकलेलं, पहिली दोन-तीन पावलं एकदम छोटी आणि जोरात, आणि एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही म्हणून खांबाला हात टाकून गर्रकन पलीकडे. रन काढताना क्रीझवरून निघायचं असतं ते काय वेगळं असतं? तुमच्या मुलाला आठवड्यात तीन दिवस क्रिकेट, दोन दिवस शाळेतला खो-खो किंवा जवळ कुठे मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, पोहणं, आणि एक दिवस काहीच न ठरवता बिल्डिंगखाली पोरांबरोबर. कोचना हे पटलं नाही तर शांतपणे दुसरे कोच शोधा.

प्रश्न : माझी नात 9 वर्षांची. पळण्यात पहिली, पण चेंडू अंगावर आला की डोळे घट्ट मिटते आणि तोंड फिरवते. मी तिला रोज टेनिस बॉल टाकतो, काही उपयोग नाही. मुलींना हे जमतच नाही का? – आजोबा, सांगली

आजोबा, मुलींना जमतं, सगळं जमतं. त्यांच्या हातात चेंडू उशिरा आणि कमी येतो एवढंच, मुलगा दोन वर्षांचा झाला की बॅट-बॉल आणि मुलीला भातुकली, मग नवव्या वर्षी फरक दिसणारच. तुम्ही रोज वेळ देताय हे फार छान आहे, फक्त चेंडू बदला.

डोळे मिटणं ही भीती आहे आणि ती योग्य आहे, टेनिस बॉल नाकावर बसला की दुखतं! सुरुवात फुग्याने करा. फुगा हळू येतो, तिला त्याच्याकडे बघायला वेळ मिळतो. आठवडाभर फुगा, नुसता वर मारायचा आणि पडू द्यायचा नाही, मग दोन्ही हातांनी पकडायचा. मग ओढणी किंवा रुमाल वर फेकून पकडायचा, मग मोज्यांची गुंडाळी, मग मोठा हलका प्लॅस्टिकचा चेंडू, एक टप्पा पडून आलेला. टेनिस बॉल सगळ्यात शेवटी. टाकताना तुम्ही तिच्या पोटाच्या उंचीवर, खालून, जवळून टाका. आणि 'नीट बघ, नीट बघ' असं म्हणू नका, त्याने मूल तुमच्याकडे बघतं. त्यापेक्षा चेंडूवर स्केचपेनने एक आकडा काढा आणि विचारा, कितीचा आकडा होता? आकडा वाचायचा म्हणजे डोळे उघडे ठेवावेच लागतात. मी हे वर्गात करते, तिसरीतल्या एका मुलीने पाचव्या दिवशी आकडा वाचला आणि चेंडू हातातच राहिला, तिलाच कळलं नाही की आपण झेल घेतलाय, माझ्याकडे बघून म्हणाली, बाई चार होता.

हात कसे ते पण बघा. लहान मुलं दोन्ही हात ताठ पुढे धरतात आणि चेंडू छातीशी कवटाळतात. कोपर थोडे वाकलेले, बोटं मऊ, आणि चेंडू हातात आला की हात थोडे अंगाकडे आणायचे, अंडं झेलल्यासारखं. फेकायला पण शिकवा तिला. उजव्या हाताने फेकत असेल तर डावा पाय पुढे, बाजूने उभं राहून. एकाच बाजूचा हात-पाय पुढे आला की फेक कोपरातून निघते, अंगाचा जोर लागत नाही. अंगणात दोन पावलांच्या खुणा खडूने काढून ठेवा, तिथेच पाय पडले पाहिजेत.

प्रश्न : मी सहावीत आहे. मी पीटीच्या तासाला नेहमी शेवटची येते, मग सगळे हसतात आणि टीम करताना मला कोणीच घेत नाही. एकदा सर पण हसले. मी आईला पोट दुखतंय सांगून घरी राहते. मी काय करू?

बाळा, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस. पोटदुखीचं खरं कारण आजच आईला सांग, ही उत्तरं पण तिला वाचायला दे. सर हसले हे चुकलं, तुझं काहीच चुकलेलं नाही. शिकवणाऱ्याने हसायचं नसतं.

एक गोष्ट तुला सांगते जी शाळेत सांगत नाहीत. मुलांच्या हालचाली तपासायची एक चाचणी आहे, टीजीएमडी म्हणतात, 3 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी जगात बऱ्याच देशांत वापरतात. त्यात कोण पहिला आला हे बघतच नाहीत. चेंडू किती लांब गेला ते पण नाही. फेकताना अंग वळलं का, फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूचा पाय पुढे आला का, पळताना कोपर वाकलेले होते का, क्षणभर दोन्ही पाय हवेत होते का, असं बघतात. म्हणजे तू कितवी आलीस यापेक्षा कशी पळालीस हे बघायचं असतं, आणि कसं पळायचं ते शिकता येतं. तुझं वय त्या चाचणीच्या थोडं पुढे आहे, पण तू स्वतःला हेच लावू शकतेस. आईला मोबाईलवर तुझं पळणं बाजूने शूट करायला सांग आणि दोघी बघा. हात अंगासमोरून आडवे जातायत का? पाय जमिनीवर सपाट आपटतायत का? पहिल्यांदा फक्त हात दुरुस्त कर, कोपर वाकलेले, हात गालापासून खिशापर्यंत. दोन आठवडे एवढंच. मग पुढचं मला लिही, मी उत्तर देईन, खरंच देईन.

आणि शाळेतल्या मोठ्यांसाठी : दोन कॅप्टन उभे करून पोरांनी एकेक निवडायचं, ही पद्धत बंद करा. शेवटी उरलेल्या मुलाला ते आयुष्यभर लक्षात राहतं. मोजून टीम करा, वाढदिवसाच्या महिन्यावरून करा, कसंही करा.

प्रश्न : रोज किती वेळ खेळलं पाहिजे? क्लासमुळे वेळच नसतो. – बरेच पालक

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की 5 ते 17 वयात रोज सरासरी निदान 60 मिनिटं, धाप लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारं काही, उड्या, चढणं, लटकणं. 3-4 वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून 180 मिनिटं, त्यातली 60 जोरात. सलग नको, तुकड्या-तुकड्यात चालतं. वेळ नसेल तर एक क्लास कमी करा, याच्यावर माझं दुसरं उत्तर नाही.

प्रश्न : मुलगा 8 वर्षांचा, अभ्यासात हुशार. पण बटणं लावता येत नाहीत, लेस बांधता येत नाही, जिना उतरताना कठडा धरतो, चालताना दाराला धडकतो. सगळे 'वेंधळा' म्हणतात. सराव घेऊनही फार फरक नाही. काय करावं? – आई, मडगाव

ताई, वेंधळा हा शब्द घरातून आजपासून काढून टाका. तुम्ही लिहिलेल्या गोष्टी सुट्या सुट्या असत्या तर मी सराव सांगितला असता, पण खेळात, कपड्यात, जिन्यावर, सगळीकडेच अडतंय आणि सराव करूनही फरक नाही म्हणताय, तेव्हा बालविकास तज्ज्ञांना दाखवा. आधी तुमच्या नेहमीच्या मुलांच्या डॉक्टरांकडे जा, डोळे तपासून घ्या, मग ते सांगतील तसं ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे. हालचालींचा मेळ बसायला अडचण असलेली मुलं शंभरात साधारण पाच-सहा तरी असतात, बुद्धीशी त्याचा संबंध नाही, अशी मुलं खूप हुशार असू शकतात. नाव कळलं तर मदत मिळते एवढंच. निदान काय येईल ते मी इथे बसून सांगू शकत नाही आणि कुणी फोनवर सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ज्यांची मुलं आधी येत असलेली हालचाल विसरतायत, एकाच बाजूचा हात-पाय कमी वापरतायत, तीन वर्षांनंतरही कायम चवड्यांवरच चालतायत किंवा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत वर येतायत, त्यांनी तर सराव वगैरे करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आमचा मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप आहे. एका शाळेने श्रावणात तिसरी-चौथीच्या मुलांना खेळ शिकवायला बोलावलंय. मुलग्यांना पण फुगडी शिकवावी का? शारीरिक शिक्षणात हे बसतं का? – वाचक, ठाणे

बसतं म्हणजे काय, छान बसतं, आणि मुलग्यांना तर नक्की शिकवा! मघाशी म्हटलं ना की जागेवरच्या हालचाली दुर्लक्षित राहतात, फुगडी ही त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. दोघांनी एकमेकांचं वजन तोलायचं, एकाने हात सैल सोडला की दोघंही पडणार, हे दुसऱ्या कुठल्या व्यायामात शिकवता येतं? पिंग्यात गिरकी आणि ताल आहे, कोंबड्यात उकिडवं बसून उड्या आहेत, त्याला मांड्यांचा जोर लागतो, झिम्म्यात टाळ्या आणि पावलं एकाच वेळी वेगवेगळी चालवायची आहेत.

तिसरीच्या मुलांना एकदम फिरवू नका. आधी जोड्या वजनाने लावा, उंचीने नाही. बांगड्या, अंगठ्या, घड्याळं काढून ठेवा, हात कोरडे. हात उलटसुलट धरून पावलं जवळ, चवडे समोरासमोर, आणि फक्त मागे झुकायचं, फिरायचं नाही. कोपर सरळ होईपर्यंत झुकायचं. बहुतेक मुलं कंबरेत वाकतात आणि बूड मागे काढतात, मग फुगडी होत नाही, ओढाओढी होते. अंग टाचेपासून डोक्यापर्यंत एका रेषेत राहिलं पाहिजे. दहा आकडे तसंच थांबायचं आणि हळूच परत उभं राहायचं. हे तीनदा जमलं की मग छोटी पावलं घेत एक फेरी, थांबायचं, उलट्या दिशेने एक फेरी. उलटी फेरी विसरू नका, एकाच दिशेने फिरून चक्कर येते आणि मग पोरं घाबरतात. जोडीभोवती चार-पाच पावलं मोकळी जागा ठेवा आणि खाली सतरंजी घालू नका, ती सरकते, माती किंवा कोरडी फरशी सगळ्यात चांगली. थांबायचं कसं ते पहिल्यांदाच शिकवा, वेग कमी करत करत पावलं लांब टाकायची आणि पूर्ण थांबल्यावरच हात सोडायचे.